हनुवटीतली सुई

मी एक जुनी पांढरी पेशी आहे आणि मी भडकलेली आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म जावा बेटावरच्या कार्सितीच्या हाडात झाला. ती छायाबाहुल्यांच्या खेळात गाते. तरुणपणी मी तिच्या रक्तातून मोकळी वाहत असे. जंतू दिसला की अंगावर धावून जाई आणि शरीराचा ‘आता पुरे’ असा निरोप आला की निमूट शांत होई. मोठी गुणी होते म्हणा ना.

मग कार्सितीने एका मांत्रिकाकडून हनुवटीत, कातडीखाली कायमची राहील अशी सोन्याची बारीक सुई टोचून घेतली. अशा सुईने म्हणे गळा गोड होतो. सोन्याची कसली, पितळेवर मुलामा होता. तो उडाला आणि आत आग पेटली. आम्ही धावलो. सुई गिळता येईना, म्हणून मी तिला गच्च चिकटले आणि तिथेच घात झाला. ‘आता पुरे’ हा निरोप येतच होता. मोकळ्या फिरणाऱ्या माझ्या बहिणी तो ऐकून गप्प बसत. चिकटलेल्या मला मात्र तो पटेनासा झाला. वैरी पायाखाली असताना शांत कशी होऊ?

हनुवटी सुजली, जबडा आवळला, गाणे बंद पडले. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधाने सूज उतरायची आणि पुन्हा चढायची.

“इथं काही टोचलं होतं का?” त्यांनी विचारले.

“नाही हो,” कार्सिती म्हणाली. मला तिचा असा संताप आला की मी आणखीच पेटले.

तिच्या साथीला ढोल वाजवणारे म्हातारे सामिनकाका दवाखान्याच्या ओट्यावर आले. त्यांनी भाजलेल्या मांसाची काडी तिच्यापुढे धरली.

“घे, काडीवरनंच खा.”

“काका, तोंड उघडत नाही माझं.”

“उघडत होतं तेव्हा तरी कुठं खाल्लंस? दरवेळी तुकडे काढून ताटलीत. काडीवरचं खाल्लं की सुईचा गुण जातो, हे मला ठाऊक नाही होय? बाईंना सांग, पोरी.”

“लोक म्हणतील, गळा सुईचाच होता.”

“सुई कधी टोचलीस?”

“लग्नानंतर.”

“मग त्याआधी कोण गात होतं, तुझी सासू?”

कार्सिती रडता रडता हसली, कळवळली आणि आत जाऊन खरे बोलली.

छोटा छेद देऊन सुई काढली. तिच्याबरोबर मीही निघाले. आता ताटलीत त्या काळ्या पितळेवर वाळते आहे आणि माझी पकड अजून सुटलेली नाही. एका खोट्या मुलाम्यापायी माझे आयुष्य जळले, याचा राग मी सोडणार नाही. पडद्यापलीकडे कार्सिती जबडा हलवून पाहते आहे. तिने हळूच एक सूर लावला, आणि तो तिचाच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे चिडलेले कुणी भेटले, तर ‘शांत हो’ म्हणण्याआधी ते कशाला चिकटून बसले आहे, एवढे विचारा.