लिंबाला बारा वाजता रक्त येतं

बाराला दहा कमी होते. चिकलठाण्याच्या विमानतळामागच्या धनगरवस्तीत तीनेकशे माणसं भर उन्हात उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे एका वाळक्या लिंबाच्या बुंध्यावर खिळले होते. बायांच्या हातात ओवाळणीची ताटं, बाप्यांच्या हातात मोबाइल. सलग तिसरा दुष्काळ होता, तरी टँकरची पाळी सोडून माणसं आली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस टँकर सोडून येतो, म्हणजे प्रकरण मोठं समजायचं.

लिंबाला 'श्री लिंबाई प्रगटस्थान' असा फ्लेक्स बांधलेला होता. त्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर निळी लुंगी नेसलेले महाराज. मी त्यांना ओळखत होतो. ह्यांचं नाव काकासाहेब. मागच्या उन्हाळ्यात ते वशिल्याने टँकरची पाळी पुढे सरकवून द्यायचे. त्याआधी प्लॉट दाखवायचे, त्यांतले काही खरेही होते.

बारा वाजून गेले. बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर गेरूचा रुंद पट्टा होता. त्या पट्ट्यात एक ओली रेघ उमटली. काळपट लाल, साकळलेल्या रक्तासारखी. ती हळूहळू खाली सरकायला लागली.

"रगत आलं," पुढची बाई म्हणाली, आणि ताटं हलायला लागली.

"आलं ना?" महाराज उठले. "माय रोज बाराच्या ठोक्याला रडती. का रडती? तिच्या अंगावर लोखंड चालवलं म्हणून. तुम्ही हवामान खात्याला इचारता पाऊस का नाय. अरे, मायची मान कापल्यावर पाऊस कुठून यायचा?"

लिंबाच्या फांदीला करवतीचा पहिला काप बसून चार दिवस झाले होते आणि पाऊस तीन वर्षांपासून रुसलेला होता. म्हणजे पावसाला ही बातमी तीन वर्षं आधीच लागली होती म्हणायची. हा हिशेब तीनशे जणांत कुणाच्याच डोक्यात आला नाही. मग महाराज मंत्र पुटपुटायला लागले. माझे आजोबा आणि वडील भिक्षुकी करत. मी एमआयडीसीत पंप, फवारणीयंत्रं आणि झाडं कापायच्या चेनसॉ दुरुस्त करतो, पण कान घरचेच आहेत. त्या मंत्रात मंगलाष्टकांचा एक तुकडा मी स्वच्छ ऐकला. लिंबाचं लग्न कुणाशी लागत होतं, कोण जाणे.

आता मी, मंदार जोशी, राहणार पुंडलिकनगर, दुकान बंद करून त्या गर्दीत का उभा होतो ते सांगतो.

आदल्या दिवशी रत्नमाला माझ्या दुकानात आली होती. बिरूची बायको. बिरूने गेल्या वर्षी चारा संपला तेव्हा मेंढरं विकली आणि त्या पैशांत जुनी चेनसॉ घेतली. शहर वाढतंय, रस्ते रुंद होतायत, दुष्काळाने झाडं उभ्या उभ्या वाळतायत. कापणाऱ्याला काम भरपूर. आता त्याच्या स्वतःच्या अंगणातला लिंब वाळला होता. त्याची एक जाडजूड फांदी थेट घराच्या पत्र्यावर आलेली, आणि त्या पत्र्याखाली रत्नमालेची बावीस दिवसांची लेक. वळवाचं वारं सुटायच्या आत फांदी उतरवायची म्हणून बिरू वर चढला. परवानगीचा कागदही आणला होता. काप अर्ध्यावर गेला, जेवायची वेळ झाली, बिरू भाकरी खायला खाली आला. तेवढ्यात बुंध्यातून रक्त आलं.

"आन् फांदी?" मी विचारलं.

"तशीच हाय. अर्धी कापलेली." रत्नमाला दुकानाच्या पायरीवर बसली होती. चालत आली होती, ओली बाळंतीण. "म्हाराज म्हणतेत, सव्वा म्हैना मायलेकरांनी त्याच फांदीखाली निजायचं. उठलं की कोप. आत्याबाईंनी, माझ्या सासूनं बी तेच धरलंय. ह्यांचं तर डोकंच चालंना. म्हणतेत, माझ्या हातून पाप झालं."

मग तिने पदराखालून बाळाची कुंची काढली. पांढऱ्या कुंचीवर बोटभर काळपट लाल डाग होता. महाराजांनी आशीर्वाद म्हणून तिला ते रक्त लावलं होतं.

"दादा, म्या अडाणी बाई," ती म्हणाली. "पर कपडे लई धुतलेत. रगत थंड पाण्यात निघतं. हे थंड पाण्यात निघंना, सोड्यात निघंना. टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या गेल्या माझ्या. आन् वास घ्या. ह्यांच्या सदऱ्याला येतो तोच वास हाय."

मी वास घेतला. जळकं इंजिन ऑइल.

आणि मला खाडकन आठवलं. दीड महिन्यापूर्वी बिरू मशीन घेऊन आला होता. "दादा, बसल्या जागी मुतती," अशी त्याने तक्रार सांगितली होती. चेनसॉला दोन टाक्या असतात. एक पेट्रोलची, दुसरी चेनला वंगण देणाऱ्या तेलाची. मशीन चालू असताना ते तेल चेनवर जातं. बंद असताना जाता कामा नये. मी म्हणालो, टाकीची रबरी नळी चिरलेली दिसते, एक दिवस ठेवून जा. त्याला दुसऱ्या दिवशी काम होतं. तो मशीन घेऊन गेला तो गेलाच.

"रत्नमाला, मशीन कुठं आहे?"

"वरच. बेचक्यात."

इथे बिरूची खोड सांगायला हवी. जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस सामान भुईवर ठेवत नाही. भाकरीचं फडकं, पाण्याची पिशवी, कांबळं, सगळं झाडाच्या बेचक्यात. नाहीतर कुत्रं नेतं, मेंढरू तुडवतं. बिरूने मेंढरं विकली, सवय विकली नाही. खाली येताना त्याने मशीन वरच्या बेचक्यात खोचून ठेवली होती. महाराजांनी ती उतरवू दिली नाही. 'शस्त्र मायला वाहिलं' म्हणून लाल कापडात गुंडाळली, आणि रोज सकाळी ते स्वतः शिडीने चढून तिला 'नैवेद्य' दाखवू लागले.

तर असा मी त्या गर्दीत उभा होतो. रेघ खाली उतरत होती, मी वर बघत होतो. गेरूच्या पट्ट्याच्या वरही ओल होती, बेचक्यापासून थेट खालपर्यंत. पण काळ्या सालीवर काळं तेल कुणाला दिसणार? गेरूत शिरलं की ते लाल व्हायचं. रक्तावर माशा बसतात. इथे एक माशी फिरकत नव्हती. त्या माशा त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्यांत शहाण्या.

मी पुढे झालो. "महाराज, एक शंका. माय फक्त गेरूपासून खालीच रडते का?"

"शंका घेणाऱ्याची जीभ झडती."

"झडली तर दुकान बंद करीन. कस्तुराबाईंना एक विचारू का?"

कस्तुराबाई म्हणजे बिरूची आई. हा गेरू दर चैत्रात तीच लावायची. यंदा झाड वाळलं तरी तिने लावला होता. कमरेला भंडाऱ्याची पिशवी, डोळे रडून सुजलेले. बिरू तिच्या मागे, खाली मान घालून.

"मावशी," मी म्हणालो, "एका पत्र्याला गेरू लावू. ही मशीन त्या पत्र्यावर टांगू. पत्र्याला रक्त आलं, तर रक्त झाडाचं की मशीनचं?"

ती बुंध्याकडे बघायला लागली. महाराज मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "शस्त्राला हात लागला तर ह्या घरातलं लेकरू जगायचं नाय," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, पाळी सरकवून देतो म्हणायचे तसंच. मला संताप आला. बावीस दिवसांचं पोर हो.

बिरू जागचा हलला नाही. रत्नमाला घरातून बाहेर आली, लेक सासूच्या हातात दिली, पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

"खाली ये," बिरू म्हणाला.

"तुमी नाय काढीत, तर म्या काढते. त्या फांदीखाली चार दुपारा काढल्यात म्या. वर बघत."

"खाली ये म्हणतो ना. काढतो मी."

बिरू चढला. लाल कापड सोडलं, दोर लावून मशीन खाली सोडली. कापड तेलाने चिंब झालेलं होतं. बांबूच्या तिकाटण्याला आम्ही मशीन उन्हात टांगली, खाली गेरू लावलेला पत्रा उभा केला. बेचाळीस अंश ऊन. पंधरा मिनिटांत पत्र्यावर थेंब पडला. मग दुसरा. मग काळपट लाल रेघ, अगदी लिंबाच्या रेघेची जुळी बहीण.

"पत्रा बी रडतोय," मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

"पण मशीनमध्ये चार दिवस पुरेल एवढं तेल कुठं असतं?" मी म्हणालो. "पावशेर टाकी. रोज कुणीतरी भरत असणार. महाराज, नैवेद्याची बाटली दाखवता?"

ती खुर्चीमागे फ्लेक्सच्या घडीत होती. बिरूने बूच उघडून वास घेतला आणि ती आईच्या नाकाशी धरली.

कस्तुराबाई मात्र सहज हरणारी नव्हती. "गळती हाय म्हणतोस," ती मला म्हणाली, "तर भोक दाव. डोळ्यानं दाव."

मला हा प्रश्न फार आवडला. अख्ख्या गर्दीत पहिला खरा प्रश्न त्या म्हातारीने विचारला. मी मशीनचं बाजूचं झाकण काढलं. आत भुसा आणि तेलाचा चिखल. ब्रश आणि पेट्रोलने सगळं स्वच्छ केलं, पुसून कोरडं केलं. आता गळती शोधायची तर वरून कोरडी पूड भुरभुरायची. तेल जिथून निघतं तिथे ती आधी भिजते. माझी पावडर दुकानात राहिली होती.

"मावशी, भंडारा देता?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कमरेची पिशवी सोडली आणि तिनेच चिमूट घेऊन मशीनवर हळद उधळली, देवावर उधळावी तशी. सगळे वाकून बघत होते. दोन मिनिटांत पिवळ्याधमक हळदीत एक गडद ठिपका उमटला आणि वाढत गेला. टाकीतून रबरी नळी बाहेर पडते, बरोबर त्या ठिकाणी.

"तिथं हाय व्हय," कस्तुराबाई म्हणाली.

"तिथंच. उन्हाने टाकीतली हवा फुगते, तेल पातळ होतं, आणि हवा त्याला ह्या चिरेतून बाहेर ढकलते. म्हणून बाराला रक्त. रात्री गार पडलं की माय झोपते."

नवी नळी मी खिशातूनच आणली होती. जुनी उपटली, नवी बसवली, झाकणाची रबरी रिंगही बदलली. टाकी काठोकाठ भरली, मशीन पुन्हा उन्हात टांगली आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. मग तीनशे माणसं एका वर्तमानपत्राकडे बघत बसली. मी तीस वर्षं दुरुस्त्या करतोय, पण काही न घडताना बघायला एवढी गर्दी कधी पाहिली नाही. दोन वाजले, अडीच वाजले. कागद कोरा. म्हणजे छापलेलं होतं तेवढंच.

महाराज कुठे दिसेनात. टँकर बघून येतो म्हणून गेले होते. जाताना खुर्ची मात्र नेली.

तीन वाजता बिरू परत चढला. फांदीला दोर बांधले, अंगणाच्या बाजूला दहा जणांनी ताणून धरले. रत्नमाला लेकीला घेऊन रस्त्यापलीकडे उभी राहिली. मशीन सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात कडाड् असा आवाज झाला. बिरूचा काप पुरा झालाच नव्हता. फांदी आपल्या आपण तुटली, आणि दोरांच्या ओढीने अंगणात येऊन आदळली. आम्ही जवळ जाऊन बघितलं. आतून ती पूर्ण पोकळ होती. वाळवीने खाल्लेली. बाहेर बोटभर साल तेवढी शिल्लक. तिला वळवाच्या वाऱ्याचीही गरज नव्हती.

बिरू खाली उतरला, फांदीशेजारी बसला आणि रडला. "चार दिस, दादा," तो म्हणाला. "चार दिस म्या लेकराला हिच्याखाली निजवलं." कस्तुराबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वाचकहो, देव मानावा की नाही, हे मी तुम्हाला सांगत नाही. कस्तुराबाई आजही भंडारा उधळते, मी तिच्या हातचा लावूनही घेतो. पण कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एक बोट लावा आणि वास घ्या. कुठून गळतंय ते वर बघा. 'भोक दाव' म्हणा. खरं असेल ते दाखवायला कचरत नाही, आणि खोटं असेल ते खुर्ची घेऊन निघून जातं.

आणि कुणी तुम्हाला म्हणालं, की शंका घेतलीस तर लेकरू जगणार नाही, तर त्या क्षणी लेकराला उचला आणि बाहेर या. बाकीची चौकशी मागून करता येते.

ती कुंची काही स्वच्छ झाली नाही. रत्नमालेने तिचं फडकं केलं. बिरू रोज संध्याकाळी त्या फडक्याने मशीन पुसतो, आणि मशीन रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवतो, भुईवर. सकाळी उठला की आधी कागद बघतो.