दुपारी ताणलेली तार

मनोरा पहिला

बाबा जेवताना पुन्हा खाकरले, तेव्हा आईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"घशाला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "मी विचार करतोय. समजा, एक शहर आहे."

"मीठ द्या इकडे," लेक म्हणाली.

"समजा, ते नुसतं फोफावतंय. जुन्या लाइनवर इतका भार, की संध्याकाळी सगळ्यांनी एकदम पंखे लावले की दिवे डोळे मिचकावतात. तर त्या समजा-शहराला नवी लाइन हवी. ती कोणी बांधावी?"

"बाबा, गोपनीय आहे."

"मी कुठे तुझ्या शहराबद्दल बोलतोय?"

आईने कपाळाला हात लावला. गेले कित्येक दिवस या घरात हेच चाललं होतं.

गोष्ट अशी. लेक वीज मंडळात अभियंता. नवी उच्चदाब लाइन बांधायचं काम कोणाला द्यायचं, हे ठरवणारी तिघांची समिती नेमली होती आणि त्यात ती होती. गाळून गाळून दोन कंपन्या उरल्या होत्या. एक जुनी, जिने शहरातला एकूण एक मनोरा उभा केला. दुसरी नवी, बाहेरून आलेली. आणि बाबांचं सगळं आयुष्य जुन्या कंपनीत गेलेलं. खांबावर चढणाऱ्यापासून मुकादमापर्यंत. लेकीने पहिल्याच बैठकीत हे सांगून टाकलं होतं. अध्यक्ष म्हणाले होते, "या शहरात कोणाचा ना कोणाचा बाप त्या कंपनीत नव्हता असं घर दाखवा. बसा खाली." तशी नोंद झाली, ती बसली. अट एकच: निकाल लागेपर्यंत घरात चकार शब्द काढायचा नाही.

बाबांना वाटत होतं, यात ठरवायचं काय आहे? आमचीच कंपनी. लेकीला वेगळीच धास्ती होती. कंपनी हरली तर बाबा आरडाओरडा करतील, याची नव्हे. ते बोलायचे थांबतील, याची. एकदा शेजाऱ्याने मनोऱ्यांना 'लोखंडी सांगाडे' म्हटलं होतं. त्या शेजाऱ्याशी बाबा अजून बोलत नाहीत. शेजारी तर केव्हाच घर बदलून गेला.

दोन मनोऱ्यांच्या मधे

इथे थोडं खाली यायला हवं.

बाबांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार आहे. ती कधीच सरळ नसते. पोट सुटलेल्या माणसासारखी मधे लोंबते. लेक शाळेत असताना एकदा तिने ती कडक उन्हात, चांगली करकचून बांधली होती. बाबांनी ती सोडवली.

"अगं, तार उन्हात वाढते, थंडीत आकसते. आत्ता तिला जागाच ठेवली नाहीस, तर हिवाळ्यात ती अंग कुठे चोरेल? दुपारी बांधायची तर झोळ जास्त ठेवायचा."

"आणि माझ्या चादरी फरशी पुसतात त्याचं काय?" आतून आई ओरडली होती.

"चादरी धुता येतात. तुटलेली तार धुता येते का?"

पुढे कॉलेजात हेच मोठमोठ्या सूत्रांतून लेकीच्या समोर आलं. ती वर्गात एकटीच हसली होती.

चला वर.

मनोरा दुसरा

मंडळाच्या आवारात, शिकाऊ लोकांना चढायला ठेवलेल्या मनोऱ्यांवर, दोन्ही कंपन्यांनी एकेक तार ओढून दाखवायची होती. ऐन उन्हाळा, भर दुपार. डांबर चपलेला चिकटत होतं.

जुन्या कंपनीचा कारभार आता मालकाच्या पुतण्याकडे होता. इस्त्रीचा शर्ट, सोबत फोटोग्राफर. त्यांची तार अशी सरळ, जणू पट्टी ठेवून आखली. अध्यक्ष खूश झाले.

नव्या कंपनीची तार लोंबत होती. त्यांची मुकादमीण, उन्हाने रापलेली एक ठेंगणी बाई, तापमापक बघून झोळाचा तक्ता बघत होती, तक्ता बघून आणखी सैल सोडायला लावत होती.

"ही तार झोपली काय हो?" अध्यक्ष म्हणाले.

"थंडीत उठेल साहेब," मुकादमीण म्हणाली.

लेकीने दोन्ही तारा पुन्हा एकदा निरखल्या. त्या घडीला तिला कळलं होतं, आपलं मत कुठे जाणार आहे. तिने जुन्या कंपनीला वाचायची एक संधी द्यायचं ठरवलं.

"एवढी ताणून का धरलीत?" तिने पुतण्याला विचारलं. "तुमच्याकडेही तक्ता असेलच."

"आहे ना मॅडम. आमच्या लोकांनी तशीच सैल सोडली होती. मीच ओढायला लावली. फोटोत कशी दिसली असती?"

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात कोण फोटो काढतंय!"

समितीचे तिसरे सभासद हिशेब खात्याचे. ते लेकीच्या कानाशी लागले. "हिशेबात झोळ म्हटलं की एरवी माझी झोप उडते. इथे तो असायलाच हवा म्हणता?"

"असायलाच हवा."

"मग त्यांनी तो फोटोसाठी काढला, तर लाइनवर आणखी कशासाठी काय काय काढतील?"

मतं पडली. दोन नव्या कंपनीला, एक जुनीला. रडायचं काही कारण नव्हतं, तरी लेक हात धुवायला गेली आणि बराच वेळ धुतच राहिली.

मनोरा तिसरा

रद्द. या जागी बाप-लेकीचं भांडण उभं राहणार होतं. पाया खणून तयार होता. परंतु निकाल जाहीर झाला, बाबांनी तो पेपरात वाचला, पेपराची घडी घातली आणि तोंडच उघडलं नाही. मनोरा उभारायला सामान आलंच नाही.

मनोरा चौथा

"बाबा, आता मला बोलायची मोकळीक आहे," लेक म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते."

बाबांनी भाजीत चमचा फिरवला. "गोपनीय आहे."

"काय गोपनीय आहे?"

"माझं मत."

आईने दोघांकडे पाहिलं. "आधी ही गप्प, आता तुम्ही गप्प. मी काय भिंतीशी बोलू?"

थंडी पडली. बाबा आईमार्फत बोलू लागले. "तिला सांग, स्वेटर घाल." लेक समोरच बसलेली.

शेवटी एका गारठलेल्या सकाळी तिने बाबांची कानटोपी त्यांच्या हातात दिली. "दोन तारा बघायला चला. कोणाच्या ते सांगणार नाही."

बाबा नाही म्हणणार होते. पण तार बघायला चला म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना जमलंच नसतं.

आवारात धुकं होतं. दोन्ही तारा अजून तशाच होत्या, पाट्या काढलेल्या. बाबांनी एक डोळा मिटला, मान मागे टाकली आणि पहिल्या तारेखालून टोकापर्यंत चालत गेले.

"ही कोणी ताणली?" इतक्या दिवसांत लेकीला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. "गळा आवळलाय नुसता! अजून थोडी थंडी पडू दे, मनोऱ्याचा आडवा हात खाली घेऊन येईल."

मग दुसरी. तिच्याखाली ते बराच वेळ उभे राहिले. तार आता नेमकी, ऐटीत, हलकीशी वाकलेली.

"ही आमच्या लोकांची," बाबा म्हणाले. "हात ओळखतो मी. दुपारी ओढली असणार, आणि दुपार ओळखून ओढली."

लेक गप्प राहिली. आणि या मुलीचं गप्प बसणं वाचायची सवय बाबांना आता चांगलीच झाली होती.

त्यांनी मान वरच ठेवून विचारलं, "नाही?"

"नाही, बाबा. नव्या कंपनीच्या मुकादमिणीची."

"मग ती... ती आमची?"

"तुमच्या लोकांनी बरोबर सोडली होती. पुतण्याने ओढायला लावली. फोटोसाठी."

बाबा लाल झाले, मग जांभळे. आणि मग त्यांच्या पोटातून जे हसू फुटलं, ते ऐकून चौकीदार बाहेर आला. "फोटोसाठी!" बाबांनी त्यालाही सांगितलं. "ऐकलंत? तारेचा फोटो!" वाटेत रिक्षावाल्याला सांगितलं. घरात पाऊल टाकायच्या आत आईला सांगितलं.

"म्हणजे बोलायला लागलात," आई म्हणाली.

"बोलणारच! हिने बरोबर केलं. मीही हेच केलं असतं." मग त्यांनी बोट उगारलं. "पण तुझ्या त्या मुकादमिणीने डावीकडचा तारेचा चिमटा तिरका बसवलाय. तिला म्हणावं, मी बघितलंय."

"तुम्हीच सांगा."

बाबांनी कानटोपी काढलीच नव्हती. चहा अर्धा टाकून ते नव्या लाइनच्या कामाच्या जागी निघालेसुद्धा.