कोटातला यल्लाप्पा

सहासष्ट सालची गोष्ट. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या ओळीत एका पेंटरचं दुकान होतं. बोटभर जुना फोटो नेऊन दिला की त्यावरून तो हातभर चित्र काढायचा आणि काचेत बसवून द्यायचा. असं चित्र माणूस गेल्यावरच करायचं असतं, हे तिकडं पोराटोरांनाही ठाऊक होतं. जित्या माणसाला भिंतीवर टांगायची हौस कुणाला असणार?

त्या दुकानाच्या काचेआड रंगूला तिचा बाप दिसला.

नवऱ्याचा, अर्जुनाचा, कान दवाखान्यात दाखवायला दोघं साताऱ्याहून आली होती. आधी तिला वाटलं, छे, हा कुणी सावकार असेल. चित्रातल्या माणसाच्या अंगात काळा कोट होता, आणि जतच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या यल्लाप्पानं जन्मात घोंगड्याखेरीज काही पांघरलं नव्हतं. पण तो बारीक केलेला डावा डोळा! रंगूच्या लग्नाआधी आई, आबा आणि ती अशी तिघंजण विजापूरचा गोलघुमट बघायला गेली होती. तिथं फिरत्या फोटोवाल्यानं उन्हात उभं केलं, तेव्हा आबांचा डोळा असाच मिटमिटत होता. फोटोवाला "डोळा उघडा, डोळा उघडा" म्हणून दमला आणि रंगू हसून हसून दमली. तोच डोळा आता कोटवाल्याला लागला होता.

दुकानाला कुलूप होतं. शेजारचा तंबोरेवाला भोपळा घासता घासता म्हणाला, "पेंटर गावाला गेलाय. त्ये चित्र व्हय? जतकडच्या मानसांचं हाय. म्हातारबा गेलेलं दिसत्यात."

रंगूनं काचेवर कपाळ टेकलं. दोन वर्षांमागं अर्जुनाला साताऱ्यात कचेरीत शिपायाची नोकरी लागली, तेव्हा यल्लाप्पा पेटला होता. एकुलती एक लेक, जावयानं इथंच मेंढरं सांभाळावीत असं त्याचं म्हणणं. "येवढ्या लांब निगालीस तर परत तोंड दाखवू नगंस," असं तो बोलून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि लेकही बापाचीच, तिनं खरंच तोंड दाखवलं नाही. दोघंही एका मापाची हेकट. मिरजेपर्यंत येऊनही ती माहेरी जाणार नव्हती, म्हणजे बघा.

"आवं, मला मातीलाबी बोलावलं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

अर्जुनानं दवाखाना सोडला आणि जतची यष्टी गाठली. सबंध वाट रंगू एकच म्हणत होती, "आबांचा राग तसाच ऱ्हायला. आता कुनाची समजूत काढू?" कानामुळं अर्जुनाला त्यातलं अर्धं ऐकूही येत नव्हतं.

वस्तीच्या वळणावर रंगूनं रीतीप्रमाणं गळा काढला. मेलेल्याच्या घरी लेक अशी रडतच शिरते. "आबा वं! मला टाकून कसं गेलासा वं!" कुत्री भुंकायला लागली, मेंढरं बावचळली.

घरातून एक माणूस घोंगडं सावरत धावत बाहेर आला. "रंगू! कोन गेलं गं? जावाई तर हितं दिसत्यात. बोल की, कोन मेलं?"

रंगूनं तोंडावरचा पदर काढला. "तुमी!"

"आँ?"

तिनं खाली बसून बापाचे पाय उलटे तर नाहीत ना, हे चाचपून बघितलं, आणि मग असा हंबरडा फोडला की आधीचं रडणं त्यापुढं काहीच नव्हतं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो तिचा त्या वस्तीला ऐकू जाईल असा पडला. अर्जुनानं मिरजेची सगळी हकिकत सांगितली.

"मग त्यो कोट?" रंगूनं डोळे पुसत विचारलं.

"कोट फुकटात काढून देतो म्हनला पेंटर. कशाला सोडायचा?"

"पर जित्तेपनी चित्र कशाला काढायचं?"

यल्लाप्पा घोंगडं झटकायला लागला. मग रंगूची आई, मुक्ताबाई, बोलली. "त्ये तुज्याकडं साताऱ्याला धाडायचं हुतं. लेक तोंड दाखवत न्हाई तर आपुनच दावावं, म्हनत्यात. आदी तुजं करून आनलं. आत ये, बघ."

आत भिंतीवर रंगू होती, विजापूरच्या त्याच फोटोतली. पेंटरनं तिच्या मनगटावर जन्मात नसलेलं घड्याळ काढलं होतं. कपाळाच्या जागी काचेवर कुंकवाचा जाड थर बसला होता.

"रोज सकाळी लावते," मुक्ताबाई म्हणाली. "भितीवर हाय म्हून कुनी वंगाळ समजाया नगं. माजी लेक जित्ती हाय, सवाशीन हाय."

रडून रडून रंगूचं स्वतःचं कुंकू पार विस्कटलं होतं. मुक्ताबाईनं करंडा उघडला. सवयीनं तिचं बोट काचेकडं गेलं, मधेच थांबलं आणि लेकीच्या कपाळाला टेकलं.

"किती दिस ऱ्हानार?" यल्लाप्पानं दारातूनच विचारलं.

"तुमी जा म्हनंस्तवर."

यल्लाप्पानं पुढं होऊन चित्र खाली उतरवलं, आणि त्या खिळ्याला आपलं घोंगडं अडकवलं.