कडू बदाम

थेंब कागदी पट्टीच्या टोकावर पडला, क्षणभर फुगीर राहिला आणि मग आत मुरला. ओल्या डागाची कड पट्टीवर सावकाश वर चढू लागली. मोनालीने कोरड्या टोकावर पेन्सिलीने 'कडू बदाम' लिहिलं आणि पट्टी हवेत एकदा हलवली. बाटलीला थेट नाक लावायचं नाही, हा धडा तिने बी.एस्सी.लाच घेतला होता. अत्तराच्या ऑनलाइन वर्गातही तोच पहिला निघाला.

दाराशी वाल सोलत बसलेल्या माईंनी, तिच्या सासूबाईंनी, मान वर केली.

"शैलेश आला का गो?"

"नाही, माई. शिफ्ट सुटायला वेळ आहे अजून."

"मंग त्याचा वास कसा आला?"

मोनालीला हसू फुटलं. तेच तर ती महिनाभर शोधत होती. माई गावाहून, एडवणच्या वाडीतून, येताना ओल्या फडक्यात सोनचाफा बांधून आणत, बोईसरच्या या दोन खोल्या दरवळून जात, आणि मोनालीला वाटे, आपल्या घराचं एखादं अत्तर करावं. वर चाफा, खाली खस, तळाला चंदन, इतकं जमलं होतं. मधला वास मात्र सापडत नव्हता. तिचा नवरा शैलेश केमिकल कंपनीच्या नव्या प्लान्टवर गेल्यापासून त्याच्या मानेला येणारा, आंघोळीनंतरही मागे राहणारा, मिठाईच्या दुकानासारखा गोडसर वास.

"चाफा पायजे तर वाडीत येऊन राहा म्हणते," माई म्हणाल्या. "तो आनंदा एकटा गडी कुठं कुठं पुरणार? तुझे सासरे गेल्यापासून सांगते हाय."

"बघू, माई," मोनाली नेहमीसारखं म्हणाली. रसायनशास्त्र शिकून पानवेली बांधायला जायचं, हे तिच्या मनाला कधीच पटलं नव्हतं.

तिने पट्टी नाकाजवळ आणली. हाच. अगदी हाच तो! खुशीत तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर कॉलेजची प्रयोगशाळा उभी राहिली. सरांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्हींना बदामाचा वास. 'यातली एक मिठाईत चालते,' सर म्हणाले होते. 'दुसरी कातडीतूनसुद्धा आत शिरते आणि रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही. ओठ, नखं निळी पडतात. दुसरीचं नाव नायट्रोबेन्झीन. नाकावर विसंबू नका.'

पट्टी तिच्या हातातच राहिली. मग ती उठली आणि मोरीत गेली. खुंटीवर शैलेशचा कालचा युनिफॉर्म होता. तिने बाही हुंगली. पुन्हा पट्टी. पुन्हा बाही.

"काय झालं गो? तोंड कसं झालंय तुझं!"

"माई, यांचे ओठ... तुम्ही काय म्हणत होतात मागे?"

"आता इचारतेस? गणपतीत सुट्टीला आलावता तवा ओठ कसे लाल झालेवते त्याचे. हितं आला का परत जांभळे. मी बोलते तर तू बोलतेस, चोरून तंबाखू खातो."

किती भांडली होती मोनाली त्या तंबाखूवरून! खिसे तपासले होते. आणि रात्री त्याच्या मानेत तोंड खुपसून तीच म्हणाली होती, किती छान वास येतो हो तुम्हाला.

शैलेश आला तो कपाळ दाबतच. "चहा टाक गं. डोकं ठणकतंय."

तिने पट्टी त्याच्या नाकासमोर धरली.

"अरे! ही तर आमची शेड!" तो हसला. "हेल्पर लोक 'बादाम गली'च म्हणतात. त्यातला कमलेश तर रोज ओरडतो, चलो, बादाम खाने चलो! एवढा वास, पण डब्यात कधी एक बदाम नाय."

"ड्रमवर काय लिहिलेलं असतं?"

"नायट्रो... कायतरी बेन्झीन. का गं?"

"हातमोजे?"

"फाटलेत. मागितलेत नवे. तू काय साहेब झालीस काय?"

तिने त्याचा हात धरून ट्यूबलाइटखाली नेला. नखांखाली जांभळाचं पाणी उतरल्यासारखा रंग होता. याच हातावर ती रोज पोळी वाढत होती. कालही वाढली होती. तिने पट्टी पिशवीत घातली आणि घट्ट गाठ मारली. मग गाठीवर आणखी एक गाठ.

"काय रे हे?" माई उठून आल्या. "बोला की कोणतरी!"

"उद्या तुम्ही शेडमध्ये जायचं नाही," मोनाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आता दवाखान्यात चला. रक्त तपासायचंय. कमलेशला फोन करा, त्यालाही बोलवा."

"अगं, पण खाडा पडेल—"

"खाडा नाही." तिने त्याचा हात सोडला नाही. तशीच ती सासूकडे वळली.

"माई, विहिरीकडची खोली झाडून ठेवा. आम्ही एडवणला येतोय. राहायला."