रहिमतबीचा केसपेपर

आटपाडीत आमच्या घरात माणसं पाच, पण दवाखान्याचा केसपेपर एकच. तो माझ्या सासूच्या नावाचा, रहिमतबी मुलाणी. ताप माझ्या लेकीला, रुक्सारला येवो नाहीतर कंबर माझ्या नवऱ्याची धरो, खिडकीतल्या लालासाहेब कंपाउंडरला नाव सांगायचं रहिमतबी. नवा केसपेपर काढला की जास्तीची फी आणि शेवटचा नंबर. जुन्यावर अर्ध्या फीत आणि तासभर आधी सुटका. डॉक्टरही काही म्हणत नसत. आमची अर्धी गल्ली अशीच एकेका म्हातारीच्या नावावर बरी होत होती.

पाच वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टरांची चिठ्ठी सासूच्या नावाची, म्हणून लॅबचा रिपोर्टही तिच्याच नावाचा. मी तेव्हा पस्तिशीची, रिपोर्टवर वय बासष्ट. पथ्याच्या बाबतीत मात्र माझा हात कुणी धरला नसता. गोळी चुकवली नाही, रोज पहाटे तळ्यापर्यंत चालत गेले, दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आणि खरं सांगते, आजार आपल्या नावावर नाही याचं मला बरंच वाटायचं. चारचौघांत कुणी हळहळायला येत नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचा दोस्त जयराज आरोग्य विम्याचा फॉर्म घेऊन आला. पाच जणांची मिळून एक पॉलिसी.

"कुणाला बीपी, साखर, काय हाय का?" त्यानं विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" सासू म्हणाली. ती खरंच ठणठणीत होती.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "हिच्या नावावर बी काय न्हाई," तो म्हणाला. शब्द न् शब्द खरा होता. मी सही केली. नवऱ्याचा मला आजही संताप येतो, पण त्याच्यापेक्षा जास्त माझ्या त्या हाताचा येतो.

गेल्या आठवड्यात सासूच्या छातीत कळ आली. मिरजेच्या दवाखान्यात आणली तर दोन नसा बंद. आठवड्याच्या आत ऑपरेशन करा म्हणाले. सरकारी योजना त्या दवाखान्याला लागू नव्हती, दुसरीकडं हलवायला डॉक्टर तयार नव्हते, आणि आमच्या बांगड्यांच्या दुकानानं एवढा पैसा कधी बघितलेला नव्हता. सगळी मदार पॉलिसीवर. पाचव्या दिवशी कंपनीनं चौकशीला माणूस धाडला. शिवतेज नावाचा, पंचविशीतला, नीटनेटका पोरगा. तो आधी आटपाडीच्या दवाखान्यात जाऊन आला होता. केसपेपरची प्रत त्याच्या फायलीत होती.

"ताई, आजींना पाच वर्षांपासून मधुमेह आहे. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. क्लेम बसणार नाही."

"हितं तपासली की साखर! नॉर्मल आली," मी म्हणाले.

"पाच वर्षं गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर नॉर्मल येणारच."

वाईट नव्हता तो. आल्या आल्या सासूला पाणी त्यानंच दिलं होतं. पण त्या उत्तरानं माझं डोकं फिरलं. माझं पाच वर्षांचं चालणं, माझं बिनसाखरेचं जगणं, सगळं जाऊन तिच्या अंगाला चिकटलं होतं.

नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"तू गप ऱ्हा. जयराज म्हणला, आत्ता नुसता अम्माचा क्लेम जातोय, पर आपण जाणून लपवलं म्हणून कळलं तर समदी पॉलिसी बाद हुती. उद्या रुक्सारला काय झालं तर? तुला काय झालं तर?"

"आन अम्माला आज झालंय, त्येचं काय?"

तो बाकावर बसला आणि हाताचे तळवे बघत राहिला. मी आटपाडीला डॉक्टरांना फोन लावला. आजार माझा आहे एवढं लिहून द्या, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "एकीच्या नावावर दुसरीला औषध दिलं, असं लिहून देऊ? मग माझा दवाखाना कोण चालू ठेवील?" फोन बंद झाला. बोलले तर पाचही जण उघड्यावर, गप्प राहिले तर सासू जाणार. नवऱ्याला न सांगता मी आत गेले.

सासूनं माझा चेहरा वाचला. "काय बोलू नगंस. माजं वय झालं. तुला अजून लय जगायचंय."

"तुमी गप पडा, अम्मा." आणि मी शिवतेजकडं वळले. "साखर माजी हाय. केसपेपर अम्मांचा, पर आजार माजा हाय. ह्यांना कवाच नव्हती साखर."

त्यानं पेन खाली ठेवलं.

"तुमच्या नावाचा एखादा कागद? रिपोर्ट, चिठ्ठी, मेडिकलची पावती?"

नव्हता. पाच वर्षांच्या आजाराचा माझ्या नावावर एक चिटोरा नव्हता.

"माजं रगत काढा आत्ता!"

"साखर निघेल, ताई. पण त्यातून तुम्हाला आहे एवढंच कळेल. आजींना नाही, हे कसं कळणार?" त्याचा आवाज खाली आला. "आणि तुम्ही आता सांगितलंत, ते मला लिहावं लागेल."

म्हणजे दोन्ही गेलं. मी बोलून सासूला वाचवलं नाही, आणि पोरांचं छप्परही काढून घेतलं. मी तिथंच पलंगाची दांडी धरून उभी राहिले. रडूसुद्धा येईना.

तेवढ्यात नर्स आली. "रहिमतबी मुलाणी? ही साखरेची गोळी. ह्या साहेबांच्या फायलीतला जुना केसपेपर बघून डॉक्टरांनी चालू केलीय." तिनं गोळी सासूच्या तळहातावर ठेवली, तक्त्यावर खूण केली आणि पुढच्या पलंगाकडं गेली.

सासूनं मूठ माझ्यापुढं केली. "पाच दिस झालं, तू गोळी घेतली न्हाईस. घरीच ऱ्हायल्यात तुज्या. मी बघतीया न्हवं."

"अम्मा, नगा..."

"घे म्हणतीया ना. पोरं हायत तुला."

तिच्या दोन नसा बंद होत्या आणि ती माझे दिवस मोजत होती. मी गोळी तोंडात टाकली. वरून तिच्याच तांब्यातलं पाणी प्याले. शिवतेज खाली मान घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर उठला, फाईल काखेत मारली आणि जाता जाता पलंगाला अडकवलेल्या तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढला.

रहिमतबी मुलाणी, साखरेची गोळी, दिली.