अगं, काच

गाडी चालवणाऱ्याचा हात कुठे जातो, नजर कुठे अडकते, हे बघायचा मला पगार मिळतो. पडदा, बटणं, खटके यांची जागा आम्ही ठरवतो. नातेवाइकांना अजून वाटतं, मी गाड्यांचे रंग निवडते.

ऑफिसात आमची अर्धीच गाडी आहे: दोन सीट, स्टीअरिंग आणि समोर भिंतीवर पळणारा रस्ता. येणाऱ्याला तिथे बसवायचं, काम सांगायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. मदत नाही, खाणाखुणा नाहीत. माणूस अडला तर चूक आमची, त्याची नव्हे.

त्या दिवशी चाचणीसाठी ठरलेल्या एका आजींनी ऐनवेळी टांग दिली. मी बाबांना फोन लावला.

"मी गाडी विकायला काढलीये आणि तू मला गाडीत बसवतेस?"

"खोटी गाडी आहे, बाबा. या ना."

आई गेल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता, निदान आम्हाला तसं वाटत होतं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. दादा खूश होता. या वयात कशाला डोक्याला ताप, म्हणायचा. गाडी बंद झाल्यापासून बाबांचं जाणं-येणं दादाच्या सवडीवर आलं होतं. आत्याचा 'ये ना' म्हणून फोन आला की नुसतं "बघू" म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. दुःख आहे, ओसरेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

ते आपली गाडी घेऊन आले नाहीत, रिक्षाने आले. कडक इस्त्रीचा शर्ट, फोटो काढायला निघाल्यासारखे. माझ्या कामातल्या जोडीदाराला आम्ही सपाट म्हणतो, कारण त्याला गाडीतली सगळी बटणं काढून नुसता काचेचा पडदा ठेवायचा असतो. तो म्हणाला, "काका, परीक्षा तुमची नाही, आमची आहे."

"मग नापास झालात तर रडायचं नाही."

बाबांनी रस्ता झकास धरला. आम्ही दोघं मागे स्टुलांवर. मी काम सांगितलं, "समोरची काच धुरकटलीये. साफ करा."

बाबांनी वेग कमी केला. नजर समोर, दोन्ही हात स्टीअरिंगवर. आणि अगदी सहज, शेजारच्या रिकाम्या सीटकडे मान किंचित कलवून म्हणाले, "अगं, काच."

आणि थांबले.

सपाटने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, तर रेडिओ सुरू झाला. दुसरीकडे टेकवलं, तर सीट तापायला लागली.

"हे खातं तुझ्या आईकडे होतं," ते रस्त्याकडेच बघत म्हणाले. "काच, हवा, रेडिओ सगळं. मी फक्त चालवायचो. मध्ये एकदा काढली होती गाडी. चौकात काच धुरकटली, काही दिसेना. मागचे हॉर्न मारून जीव घ्यायला लागले. हळूच वळवून आणून लावली. दादाला काय सांगणार?"

"रस्ता बंद कर रे," मी सपाटला म्हणाले.

तिथून थेट बाबांच्या घरी. सपाटही आला, त्याला मुळी हाकलता येत नाही. जुनी गाडी, गोल खटक्यांची. मी आईच्या जागी बसले. काच धुरकटवायला तिघांनी मिळून 'हाऽऽ' केलं. शेजारीण गॅलरीतून बघत राहिली.

"नजर समोर," मी म्हणाले. "हाताने शोधा."

"तूच दाब ना, जवळ आहे तुझ्या."

मी हात मांडीखाली दाबून बसले. इतकं जड काम मी आजवर केलेलं नाही. बाबांनी एक खटका फिरवला, गार वारा. दुसरा, पायांवर ऊब. पुटपुटले, शिवी असावी. मग तिसरा. काच खालून हळूहळू उजळत गेली.

"पुन्हा," ते म्हणाले. आम्ही पुन्हा 'हाऽऽ' केलं. या वेळी हात सरळ तिथेच गेला. पुन्हा. सपाटला चक्कर यायला लागली.

"उतरा दोघं," बाबा म्हणाले.

"का?"

"ताईकडे जाऊन येतो."

"मी येते ना बरोबर."

"नको. तू शेजारी असलीस की तोंडातून 'अगं' निघणारच." माझ्या गालाला हात लावून त्यांनी पट्टा लावला. "आणि त्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणावं."

गाडी वळणाआड गेल्यावर मी दादाला फोन केला.

"कुठे गेले?"

"आत्याकडे."

"कुणाबरोबर?"

"एकटेच."

दादा म्हणाला, "पोचले की मला फोन करायला सांग."