जावयाचा बुधवार

आमच्या जावईबापूंना हात पुसायला माझा पांढराच टॉवेल लागतो. शेजारी फडक्यांचा ढीग पडलेला असतो, तो दिसत नाही. दांडीवरचा, नुकताच इस्त्री झालेला, हॉस्पिटलात जायचा टॉवेल मात्र बरोबर दिसतो. त्यावर पाच काळी बोटं उमटवायची आणि वर मलाच विचारायचं, "आई, हा जुनाच होता ना?" त्यांचा हात लागल्यावर झाला जुना!

मी लाँड्री चालवते. नवरा गेला तेव्हा एक टेबल आणि एक कोळशाची इस्त्री एवढंच होतं. आज हॉस्पिटलच्या चादरी माझ्याकडे येतात, आणि आसपासच्या सगळ्या गल्ल्यांतले शर्ट. शाळा चौथीत सुटली, पण डाग कशाचा आणि किती शिळा हे मी लांबून सांगते. शाई, गंज, रक्त, कुणाचंच माझ्यापुढे चालत नाही. लिपस्टिकचेही काढलेत, आणि ते कुणाच्या शर्टावर होते हे आजवर कुणाच्या बायकोला सांगितलेलं नाही. दुकान टिकतं ते अशाने.

असं माझं पांढऱ्याचं राज्य, आणि त्यात हा जावई. लग्नानंतर "जागा मिळेपर्यंत" म्हणून माझ्या माडीवर राहायला आले, ती जागा अजून मिळायची आहे. कचेरीत नकाशे काढतात, पगार घरात देतात, माझ्या लेकीवर कधी आवाज चढवत नाहीत. मला बोलायला काही ठेवलंच नव्हतं. मग सायकली आणल्या.

त्याला कारण झालं लेकीचं मनगट. ती हॉस्पिटलात नर्स आहे, सायकलने जाते-येते. गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावर एका उभ्या मोटारीचं दार कुणी शहाण्याने मागे न बघता उघडलं आणि माझी पोर रस्त्यावर आडवी झाली, मनगट मोडलं. मी म्हणाले, सायकल विका, रिक्षाने जा. जावई म्हणाले, "तिने का म्हणून, आई? तिचं काय चुकलं?" याला मी काय उत्तर देणार? गप्प बसले. मला गप्प बसवणारा माणूस मला आवडत नाही.

मग त्यांनी माणसं जमवली. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, एक शिंपीण, शाळेतल्या दोन मास्तरणी, असे सगळे. मी त्यांना चाकमंडळ म्हणते. बिनपैशाचं काम आणि गावभरची उठाठेव, यालाच लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवून झिजवून तिथला रखवालदारच यांना पाणी विचारायला लागला. शेवटी पालिकेने हॉस्पिटलपासून आमच्या वळणापर्यंत सायकलींसाठी हिरवा पट्टा आखून दिला. कडेला प्लास्टिकचे खांब. पण चाचणीपुरता. एक दिवस माणूस येऊन सायकली मोजणार, पुरेशा दिसल्या तर पट्टा राहणार, नाहीतर खांब उपटून पुन्हा मोटारी उभ्या करायला जागा.

आता हा पट्टा माझ्या दुकानाच्या तोंडाशी. आधी गिऱ्हाइकांच्या मोटारी दारात लागायच्या, आता वळणापलीकडे लावून गाठोडं उचलून आणावं लागतं. बाकीचे दुकानदार तक्रार घेऊन आले, म्हणाले, मावशी, तुम्हीही अंगठा-बिंगठा करा. मी म्हटलं, "सही येते मला. आणि घरच्या माणसाविरुद्ध मी घरातच बोलते." घरात मात्र रोज बोलत होते.

तर मंडळाला कळलं, निम्म्या लोकांच्या सायकली बिघडून पडल्यात आणि उरलेल्या खडखडतायत. म्हणून फुकट दुरुस्तीचं शिबिर काढायचं ठरलं. जागा कुठली? माझं मागचं अंगण. जावई डोकं खाजवत आले. मी म्हटलं, "बुधवारी घ्या. बुधवारी चादरी वाळत घालायच्या नसतात, दोऱ्या मोकळ्या असतात. दुसऱ्या कुठल्या वारी माझ्या अंगणात तेलाचा थेंब दिसला तर तुम्हालाच वाळत घालीन."

पोस्टकाका म्हणाले होते, पालिकेत माझा भाचा आहे, मोजणीचा दिवस हळूच काढून घेतो. जावई ऐकेनात. "चोरून विचारायचं नाही, काका. आहेत तेवढ्या मोजू देत." काका मला येऊन म्हणाले, "तुमचा जावई म्हणजे हरिश्चंद्र आहे अगदी." मी म्हटलं, "हरिश्चंद्राची बायकोच विकली गेली होती, माहीत आहे ना?"

मंगळवारी संध्याकाळी लोक सायकली आणून टाकून गेले. आणि आले कोण? जे रोज पट्ट्यावरून जातात तेच. ज्यांना सायकलची माया, तेच दुरुस्तीला आणणार. बुधवारी सकाळी मी मागे जाऊन बघते तर अंगणभर सायकली पाय वर करून पडलेल्या. चाकं एकीकडे, चेनी रॉकेलच्या थाळ्यात, शिंपीण मांडी घालून ट्यूब चिकटवतेय, मास्तरणी ब्रेक घासतायत सगळ्यांनी रजा टाकलेली आणि गप्पांना ऊत आलेला. हॉस्पिटलातला अपघाताचा वॉर्ड परवडला.

पुढे येऊन दुकान उघडलं, तर समोरच्या झाडाखाली एक माणूस घडीचं स्टूल मांडून बसलेला. पालिकेचा बिल्ला, हातात बटणाचं छोटं यंत्र. पट्ट्यावर नजर लावून बसलेला आणि पट्टा रिकामा. पलीकडून मोटारी आणि स्कूटर भरभरून चाललेल्या. सायकली माझ्या अंगणात, त्यांचे मालक त्या मोटारींत.

मी जावयांना हाक मारली. ते आले, काचेतून बघितलं, आणि हातातला पाना खाली ठेवला.  तोंड असं झालं, जसं लेकीच्या मनगटाचा एक्स-रे बघताना झालं होतं. बाकी मंडळ मागे येऊन उभं राहिलं.

"आजच!" शिंपीण म्हणाली. "आपल्याच हाताने आपण सगळ्या सायकली पट्ट्यावरून काढून घेतल्या की हो."

"काही बिघडत नाही," पोस्टकाका म्हणाले. "तयार आहेत त्यावर आपण बसू आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहू. त्याला काय कळतंय?"

"नाही," जावई म्हणाले. "तीच माणसं फिरवून आकडा फुगवायचा नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?"

"अहो, पट्टा जाईल!"

"गेला तर गेला." म्हणाले खरं, पण खाली ठेवलेला पाना उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

आणि मला राग आला. त्या माणसाचा नाही, पालिकेचाही नाही. वर्षभर ज्याच्यासाठी जोडे झिजवले ते डोळ्यांदेखत चाललंय, आणि हा गृहस्थ खोटं बोलायला तयार नाही, याचा राग. वर बुधवार मीच दिलेला. आता यात माझा काय दोष? चादरी मंगळवारी वाळतात नि बुधवारी इस्त्री होऊन परत जातात, ते मी ठरवलेलं नाही. तरी पण.

इतक्यात आमचा टेंपोवाला आला आणि इस्त्रीची गाठोडी उचलायला लागला. मी म्हटलं, "ठेव ती खाली. आज टेंपोला सुट्टी."

"का हो मावशी?"

"माझी मर्जी. जावईबापू, किती सायकली चालायच्या झाल्यात?"

"बऱ्याचशा. पण आई, मी म्हटलं ना—"

"तुम्ही म्हटलं ते ऐकलं. आता मी म्हणते ते ऐका. ही गाठोडी घरोघर जायची आहेत, आणि त्या सायकलीही घरोघरच जायच्या आहेत. की दुपारी लोकांना इथं बोलावून रांग लावणार होता? एकेकाने एक सायकल घ्यायची, कॅरिअरला एक गाठोडं बांधायचं. गाठोडं ज्याचं त्याच्या दारी द्यायचं, सायकल तिच्या मालकाला द्यायची आणि चालत परत यायचं. यात फुगवाफुगवी कुठे आहे? का माझे कपडे पोचवणंही आता खोटं झालं?"

जावई विचारात पडले. नकाशे काढणारा माणूस, चारी बाजूंनी बघणार. मग म्हणाले, "त्या माणसाला सांगून येतो."

"जा, तेवढी हौस भागवून घ्या!"

खरंच गेले. रस्ता ओलांडून त्या मोजणीवाल्याला सगळं रामायण ऐकवलं. मी काचेतून बघत होते. परत आले तेव्हा चेहऱ्याला जरा रंग होता. "ते म्हणाले, माझ्या कागदात कारणाला जागा नाही. चाक फिरत गेलं की बटण दाबायचं."

मग काय विचारता! दुकानात एकच धांदल. मी गाठोड्यांवरची नावं वाचून पत्ते सांगत होते, शिंपीण सुतळीने गाठी मारत होती, मागे हवा भरल्याचा आवाज आणि पोस्टकाकांची आरडाओरड. एक मास्तरीण डॉक्टरांचे शर्ट घेऊन निघाली, दुसरी हॉटेलातले टेबलक्लॉथ. मी दारातून ओरडले, "घडी मोडली तर मार्क कापीन हां, बाई!" एका गिऱ्हाईक बाईला तिची सायकल मिळाली, ती लगेच तिच्यावरून भाजीला निघाली. एक म्हातारे गृहस्थ तर आपली सायकल एवढी गुपचूप चालतेय यावर विश्वास बसेना म्हणून पुढच्या चौकापर्यंत जाऊन आले. ते त्यांचं त्यांनी केलं, आम्ही नाही सांगितलं.

शेवटी राहिल्या हॉस्पिटलच्या चादरी. ते बोचकं कुठल्या कॅरिअरवर मावतंय? मंडळाची एक तीनचाकी होती, पुढे मोठी पेटी लावलेली. बोचकं पेटीत बसलं, पण वरून डुगडुगायला लागलं.

"कुणीतरी धरायला हवं," जावई म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"मी? वेडबिड लागलंय का? अख्खा रस्ता बघेल!"

"चादरी पडल्या तर, आई?"

या माणसाला कुठे बोट ठेवायचं ते कळतं. मी पदर खोचला आणि चढून बसले बोचक्यावर. सगळ्या दुकानदारांनी इस्त्र्या, तराजू, कात्र्या खाली ठेवल्या आणि दारात आले. मी मान ताठ ठेवली. मोजणीवाल्यासमोरून जाताना त्याने बटण एकदाच दाबलं.

"अहो, एकच काय? आम्ही दोघं आहोत!" मी म्हटलं.

"सायकल मोजतो, मावशी. माणसं नाही."

"म्हणजे मी सामान का?"

"सामानाला वेगळा रकाना आहे," तो म्हणाला, आणि मेला पहिल्यांदाच हसला. जावयांच्या पायातलं बळच गेलं हसून. तीनचाकी थांबली ती थांबलीच.

पुढे गेलो. या रस्त्यावर माझा जन्म गेला, पण तो दुकानाच्या दारातून. मधोमध बसून कधी बघितला नव्हता. मोटारी अंगावरून जाव्यात तशा शेजारून जात होत्या, मध्ये फक्त ते प्लास्टिकचे खांब. एका थांबलेल्या मोटारीचं दार उघडलं. माझ्या तोंडून हाय निघालं. पण दार खांबांपलीकडे होतं, आम्ही अलीकडून सरळ निघून गेलो. मागे वळून बघितलं तर जावई पेडल मारतच होते, पण नजर त्या दारावर. म्हणजे हा माणूस रोज हेच दार बघत असणार. लेक ड्यूटीला निघाली की माडीच्या खिडकीत उभं राहून हेच बघत असणार. मला वाटायचं, आळशी आहे, उठून चहा ठेवत नाही.

हॉस्पिटलच्या फाटकात लेक भेटली. तिची ड्यूटी सुटत होती. आईला बोचक्यावर बसलेली बघून तिने आधी कपाळाला हात लावला. "आई, तू? काय झालं, पडलीस की काय?"

"पडायला मी काय तू आहेस? चादरी मोजून घे." बोचक्यावरून उतरताना मी तिचं ते मनगट धरलं. आता जोर येतो तिथे.

आकडा किती झाला ते मोजणीवाल्याने सांगितलं नाही. सांगायची परवानगीच नव्हती. मग वाट बघणं आलं. जावई रोज कचेरीतून आले की आधी खांब बघायचे, मग दुकानात शिरायचे.  एका सकाळी पालिकेची गाडी आली आणि माणसं उतरून खांब उपटायला लागली. समोरचा किराणावाला माझ्याकडे बघून हसला. जावई माडीवरून अनवाणी धावत खाली आले आणि दारात खिळले. मी हातातली इस्त्री उभी केली, नाहीतर कुणाचा तरी शर्ट जळला असता.

माणसांनी प्लास्टिकचे सगळे खांब गाडीत टाकले. मग त्याच गाडीतून लोखंडाचे काढले.

मुकादम म्हणाला, "आता कायमचे बसणार. जरा पाणी मिळेल का?"

पाणी मी दिलं, चहाही दिला. जावई त्यांच्यात जाऊन खांब धरायला, ते सरळ आहेत का बघायला लागले; स्वस्थ बसतील तर ना. लेक माडीच्या खिडकीतून बघत होती. शेवटचा खांब बसला तेव्हा जावई आत आले, कोपरापर्यंत माती आणि गंज, तोंडावर हसू मावत नव्हतं. आले ते सरळ दांडीपाशी. माझा पांढरा टॉवेल ओढला आणि पुसले हात.

पुसून झाल्यावर लक्षात आलं. टॉवेल तसाच हातात, आणि माझ्याकडे बघतायत.

"आई, हा जुनाच..."

"बसा इथं," मी म्हटलं. "जावईबापू, शाईचा डाग मी काढला, गंजाचा काढला, रक्ताचा काढला. तुम्ही काही निघत नाही. तेव्हा ते जागा शोधण्याचं नाटक आता पुरे करा, आणि बुधवारचं अंगण तुमचं. टॉवेल तेवढा स्वतः धुवायचा, आणि धुतल्यावर मला दाखवायचा."